वापर : पडीक

मामा बोलता बोलता मध्येच गुडघ्यात वाकायचा. राई गावच्या खाडीकाठच्या गवतात वटवट्या बोलला, की मामा गवताच्या उंचीचा व्हायचा आणि समोरच्यालाही खाली ओढायचा. मी पहिल्यांदा ओढला गेलो, तेव्हा मला काहीच दिसेना. "त्या पात्यावं बघ," तो म्हणाला. अंगठ्याएवढं पाखरू. पाठ वाळल्या गवताची, पोट ताकाच्या रंगाचं, शेपूट अंगाला न शोभेल इतकं लांब आणि उभं. तोंड क्षणभर मिटेल तर शपथ.

"ह्यो एक वटवट्या. न् तू दुसरा," मामा म्हणाला. माझी बडबड घरात प्रसिद्ध होतीच, नाव चिकटलं. वर पुरवणी असायची, "त्यो बोलता बोलता घर शिवतो. तू नुस्ता बोलतंस."

ती जागा मामाच्या नावावर नव्हती, पण आजोबांपासून तिथलं गवत कापायचे आमचेच लोक. कापणीआधी मामा पात्यांत शिवलेलं घरटं हुडकायचा आणि पिल्लं उडेपर्यंत भोवतीच्या गवताला कोयता लावू द्यायचा नाही. मामी करवादायची, "म्हशीला उपाशी ठेवा, पाखराची बालंतपनं करा!"

मग तिथे गाड्यांचा तळ करायचं ठरलं. जी जागा वापरात असेल ती सोडणार, म्हणून फॉर्म आला. घरातला फॉर्म भरणारा विद्वान मीच. 'सध्याचा वापर' या रकान्यापाशी मामा म्हणाला, "लिव, गवात. वटवट्याचं घर."

मला हसू आलं. सरकारी कागदावर पाखरू? मी सुवाच्य अक्षरात लिहिलं : पडीक.

"काय लिवलंस?"

"तेच, मामा. ऑफिसच्या भाषेत."

त्यानं अंगठा उठवला.

गवत उभं असतानाच भरावाला राबिटचे, पाडलेल्या घरांच्या विटामातीचे डंपर आले. मामा आडवा गेला. "पिलां हायेत आत!" मुकादमानं कागद पुढे धरला, "चाचा, आपने ही लिख के दिया है. पडीक."

मामा तसाच माझ्याकडे आला. चहाला हात लावला नाही. "पडीक म्हंजे काय रं?" मी समजावत सुटलो : वापर, वर्गवारी, नियम. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे जितं कुनी र्‍हात न्हाय, ती," तो म्हणाला. "र्‍हात व्हता, साहेब."

त्यानंतर मामा वर्षभर जगला. तोवर मला साहेबच म्हणायचा, चारचौघांत, अगदी आदरानं. मामीनं एकदा माझ्याकडे पेढे मागितले. तिला वाटलं, मला बढती मिळाली.