काय अडलं हिचं?

"हिला पाहा. इथंच शिकली. काय अडलं हिचं?"

भैयाजी माइकवर बोलून राहिले होते आणि बोट माझ्याकडे होतं. मी स्टेजच्या कडेला पुष्पगुच्छांचा ट्रे घेऊन उभी. या कॉलेजात मी तासांच्या बोलीवर रसायनशास्त्र शिकवते. पण सत्कार असला की पाहुण्यांना खुर्ची आणि मला ट्रे. बारावीत चांगले मार्क घेतलेल्या पोरापोरींचा सत्कार होता. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. माझ्यासाठी म्हणे. मला तर तोंडात मारल्यासारखं झालं.

भैयाजी म्हणजे आमच्या गावच्या मालगुजाराचे चिरंजीव. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. कॉलेज त्यांच्याच घरच्या संस्थेचं.

"पोरांनो, कॉलेजच्या नावात काही नसतं. मेहनत पाहिजे. लाखो रुपये घालून दूर जायची गरजच काय?"

पुढच्या रांगेत पल्लवीची आई बसली होती. पल्लवी माझी बारावीची विद्यार्थिनी. पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. सकाळीच तिची आई मला म्हणाली होती, "बाई, भैयाजी येऊन राहिले ना, ते काय म्हनतात पाहू. मंग ठरवू पोरीचं." आता ती माझ्याकडे पाहून हसली. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखी.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. भैयाजींच्याच घरातून.

बारावीनंतर माझाही नंबर लागला होता पुण्याला. बाबा मला घेऊन मालगुजाराच्या अंगणात गेले. पैसे मागायला नाही. पुणं आमच्यात कोणी पाहिलं नव्हतं, आणि भैयाजी तिथं आधीपासून शिकत होते. सुट्टी संपवून त्याच दिवशी परत चालले होते. बाबा हात जोडून एवढंच म्हणाले, "मालक, पोरीले बाबूसंग पुन्यापावतर जाऊ द्या जी. कॉलेजच्या गेटावर सोडून देलं की झालं."

मालक खाटेवर बसलेले. "कायले जातेस वं पुन्याले? कॉलेज-बिलेज काही नसते. हुशार मानूस कुठंई चमकते. आन् रोवना तोंडावर आला. मायसंग बांधीत कोन उतरन?"

रोवण्यात माय त्यांच्याच बांधीत धान लावायला जायची.

मालक बोलत होते तेव्हा दोन गडी भैयाजींची लोखंडी पेटी जीपमध्ये चढवून राहिले होते. मालक मधूनच ओरडले, "अरे हळू! लोनच्याची बरनी हाये त्यात!" मग परत माझ्याकडे वळले. "काही नसते पोरी. सगळं सारखंच."

जीपमध्ये जागा होती. मी पाहिली.

घरी येताना बाबा म्हणाले, "मालक खोटं कायले सांगन? तुले हुशार म्हनलं ना." खूश होते बिचारे. मीही खूश झाली. तेच आठवून आज रडू येतं. रोवणा लागला आणि मी मायच्या बाजूला चिखलात उभी होती.

मग काय अडलं माझं? पुस्तकं तीच होती. आमचे सर जीव तोडून शिकवायचे, त्यांना मी मरेपर्यंत नावं ठेवणार नाही. चांगल्या मार्कांनी एमएस्सी झाली. नागपूरला नोकरीच्या मुलाखतीला गेली. साहेबाने कॉलेजचं नाव वाचलं आणि फाइल मिटली.

"ये कहाँ पड़ता है?"

कोहमाऱ्याजवळ, म्हटलं.

"कोहमारा? वो ढाबेवाला?"

बाजूचे हसले. रसायनशास्त्राचा एक प्रश्न नाही विचारला. परत येताना कोहमाऱ्याला उतरली आणि त्याच ढाब्याच्या नळावर तोंड धुतलं. मायला रडलेलं दिसू नये म्हणून. मग अशा किती फायली मिटल्या ते मोजणं सोडलं.

मोठ्या कॉलेजात काय सोनं लागलेलं नाही. तिथून डोक्यावर कर्ज घेऊन, रिकाम्या हाताने परत आलेली पोरंही मी पाहिली. जायचं की नाही ते ज्याने त्याने आपला खिसा पाहून, आपला जीव पाहून ठरवावं. पण कॉलेजात काही नसतं असं मला सांगणारा दरेक माणूस एक तर स्वतः तिथं शिकून आलेला, नाहीतर आपलं पोरगं तिथं धाडलेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

मी ट्रे खाली ठेवला. माइकजवळ गेली.

"भैयाजी, तुमची मुलगी कुठं शिकते?"

ते थोडं हसले. "तो विषय वेगळा आहे, मॅडम."

मॅडम पहिल्यांदाच म्हणाले.

"वेगळा नाही जी. तोच आहे."

मग पल्लवीच्या आईकडे वळली. "ताई, मले पाहून ठरवू नका. माझं अडलं. बहुत अडलं. दर जूनमध्ये मी यांच्या दारात उभी राहते, यंदा तास द्याल का म्हणून. पोरीले पाठवा नाहीतर नका पाठवू. पन माझं नाव घेऊन तिले थांबवू नका."

टाळ्या नाही पडल्या. कोणीतरी माइक बंद केला.

यंदाचे तास गेले. संध्याकाळी माय चुलीजवळून म्हणाली, "काऊन बोलली वं? होतं तेवढं तरी होतं." बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते. याचंच मला सगळ्यात जास्त दुःख आहे.

दुसऱ्या दिवशी पल्लवीची आई आली. रागातच होती.

"बाई, तुमी तं बोलून मोकळ्या झाल्या. पन तिले नेईन कोन? आमच्यात पुनं कोनी पाहिलं हाये?"

बाबाच समोर उभे होते जणू.

गोंदियाहून पुण्याला थेट गाडी आहे. तेव्हाही होती. जीपची गरजच नव्हती. हे आम्हाला त्या अंगणात कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

"मी नेते तिले," म्हटलं.

"तुमी पाहिलं हाये का पुनं?"

"नाही. विचारत विचारत जाऊ. गेटावर सोडते आन् येते. पन ताई, कोनाच्या अंगनात हात जोडाले जाऊ नका."