एका कान्याचं अंतर

मी गणपतीशी अकरा महिने बोलत नव्हते. ही कबुली आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला फार मोठी भक्त समजायला नको. दिवा लावत होते, दूर्वा वाहत होते, मंगळवारी आठवणीनं जास्वंद आणत होते; पण सगळं तोंड फिरवून. घरात ज्याच्याशी अबोला आहे त्यालाही आपण जेवायला वाढतोच, फक्त त्याच्याकडे न बघता वाढतो, तसं माझं चाललं होतं.

कारण तसंच होतं. आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला राहतो. माझे यजमान उरणजवळ द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात आहेत. आधी ते रोज गाडी घेऊन जायचे. गाडी चालवणं हा त्यांच्या जिवाचा आनंद होता. स्टिअरिंग हातात आलं की शीळ घालायला लागायचे, तीही बेसूर. मागच्या वर्षी एका रविवारी उरणहून परतताना त्यांची नजर क्षणभर बाजूला गेली, पुढचा कंटेनर अचानक थांबला आणि आमची गाडी दुभाजकावर चढली. आमची लेक सानिका त्यांच्या शेजारी बसली होती. तिचं कोपर मोडलं. ऑपरेशन करून धातूची पट्टी घातली, व्यायाम झाले, चार महिन्यांत ती पुन्हा लिहायला लागली. हे मात्र त्या दिवसापासून गाडीत चालकाच्या जागी बसले नाहीत. बस, रिक्षा, पुन्हा बस, असं करत दोन-दोन तास प्रवास करायचे. शीळही बंद झाली. घरात आम्ही दोघीही त्यांना ‘तुम्ही चालवा’ म्हणायचं टाळायचो. जखमेला हात लागू नये म्हणून जपायचं, तसं आम्ही त्या एका वाक्याला जपत होतो. आणि मी देवावर रुसले होते, कारण निघताना त्याच्या पाया पडूनच आम्ही निघालो होतो.

गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मीच भाजीला, सानिकाच्या शाळेपर्यंत, अशी ती फिरवून आणायचे. माझं ड्रायव्हिंग म्हणजे शाळेच्या फाटकापर्यंतचं. त्यापुढे माझी मजल कधी गेली नव्हती.

सानिकाची नववीची परीक्षा मार्चमध्ये संपली. दहावीचे वर्ग सुरू व्हायला आठ-दहा दिवस होते. “आपण कुठेतरी जाऊ या ना, गाडीनं,” ती म्हणाली. तिच्या मैत्रिणी लांब लांब चालल्या होत्या. आमचं तसं नव्हतं. तिच्या हाताच्या उपचारांत बरेच पैसे गेले होते, तेव्हा हॉटेल-रिसॉर्ट हे शब्दच वगळून मी वही उघडली. मला वही करायची खोड आहे. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, दशम्या किती, चटणी कोणती, पाण्याच्या बाटल्या कोण उचलणार, सगळं लिहिलं. शेवटी ठरलं ते असं: पाडव्याला जोडून दोन दिवस, सकाळी महडचा वरदविनायक, दुपारी पालीचा बल्लाळेश्वर, रात्री पालीच्या भक्तनिवासात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पेणवरून घरी. एक छान गोल फेरी. देवावर रुसलेल्या बाईनं दोन देवळं का निवडली? खरं सांगायचं तर भक्तनिवास आम्हाला परवडत होतं. दर्शनाची ओढ वगैरे काही नव्हती, हे लिहिताना आज लाज वाटते.

दुसरा एक हेतू होता, तो मी वहीत लिहिला नव्हता. मला वाटत होतं, गाडी एकदा गावाबाहेर मोकळ्या रस्त्याला लागली की यांचा जीव राहणार नाही, ‘सरक, मी घेतो’ असं आपणहून म्हणतील. पण सकाळी हे गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि डोळे मिटून घेतले. समोरचा रस्ता त्यांना बघवत नव्हता. मी आरशात पाहिलं तर गुडघ्यावरची मूठ घट्ट वळलेली. मला रडायला आलं आणि रागही आला. मी गाडी चालू केली.

सानिका माझ्या शेजारी फोन घेऊन वाट दाखवत होती. “महड टाक गं,” मी म्हटलं. तिनं इंग्रजी अक्षरांत टाकलं. पळस्पे फाट्याला फोननं सांगितलं तिकडे वळले. वाटेत कर्नाळ्याचा सुळका दिसला. खोपोलीजवळच्या महडला जाताना कर्नाळा लागत नाही, हे पनवेलमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण मी मूळची अकोल्याची, इथे येऊन तीनच वर्षं झालेली. मी आपली पुढच्या ट्रककडे बघत, श्वास रोखून चालले होते. पेण गेलं, वडखळ गेलं. जवळजवळ दीड तास झाल्यावर मी विचारलं, “अजून किती?” सानिका म्हणाली, “आई, अजून खूप दाखवतंय.”

नागोठण्याच्या पुढे एक मोठी हिरवी पाटी आली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘महाड’. ह-ला काना. आम्हाला जायचं होतं त्या महडला काना नाही. ते खोपोलीजवळ, आणि हे महाड खाली रायगड किल्ल्याच्या पायथ्याकडे. इंग्रजीत दोन्ही सारखीच लिहितात, आणि बिचाऱ्या फोनला काना कुठून कळणार! गोंधळून मी गाडी डावीकडे घेतली, ब्रेक दाबला, आणि डांबराच्या कडेवरून पुढचं चाक धप्पकन वीतभर खाली गेलं. गाडी तिरकी झाली. पलीकडे उतार होता आणि उताराखाली कोरडा ओढा. उजवीकडून कंटेनर धडधडत जात होते. सानिकानं आपलं ते कोपर दुसऱ्या हातानं धरलं. मी इंजिन बंद केलं.

रस्त्याकडेला करंजाच्या सावलीत एक बाई पांढऱ्या कांद्याच्या माळा विकत बसली होती. साठीची असेल, गुडघ्यापर्यंत कासोट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. हातातली माळ न ठेवताच ती उठून आली, खाली वाकून चाक बघितलं आणि मग खिडकीशी आली.

“कुठं निघालाव ताई?”

मी सांगितलं. महडला निघालो होतो, चुकलो. तिथून पाली करणार होतो.

“चुकलाव कुठं?” ती म्हणाली. “हा पुढं फाटा, तितून पाली जवल हाय. आदी पाली, मंग महड. आमी तशेच जाताव.” मग तिनं मागच्या सीटकडे पाहिलं. “दादा, बाईला उतरवा नि तुमी बसा.”

एरवी मी तिला चांगलंच सुनावलं असतं, बायका गाडी काढू शकत नाहीत की काय म्हणून. पण मी आरशात यांच्याकडे पाहिलं. जे वाक्य आम्ही अकरा महिने घरात उच्चारलं नव्हतं, ते या अनोळखी बाईनं कांद्याचा भाव सांगावा इतक्या सहज म्हणून टाकलं होतं.

हे म्हणाले, “मी नाही चालवत.”

“नाय चालवत म्हंजे? येत नाय?”

यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग हे हळूच म्हणाले, “येतं.”

“मंग बसा. मी हाय उभी.”

एवढं बोलून ती खरोखरच वळली आणि आमच्या गाडीच्या मागे, रस्त्यावर जाऊन उभी राहिली. कांद्याची माळ डोक्यावर उंच धरली, दुसरा हात आडवा केला आणि येणाऱ्या कंटेनरवाल्याला असं काही दटावलं की त्यानं खरंच वेग कमी केला. तिला आमची गोष्ट ठाऊक नव्हती. यांना कशाची भीती वाटते हेही तिला माहीत नव्हतं. तरी नेमकी तीच भीती जिथून यायची, तिथे ती बाई आमच्याकडे पाठ करून उभी होती.

हे उतरले. मी सानिकाला घेऊन झाडाखाली गेले. यांनी चालकाच्या जागी बसून सीट मागे सरकवली, आरसा नीट केला. माझ्याही नकळत मी बोलले, “बाप्पा, सांभाळ रे.” अकरा महिन्यांनी बोलले, आणि तेही रस्त्याकडेच्या धुळीत, हातही न जोडता. इंजिन चालू झालं. गाडी इंचाइंचानं मागे आली, एकदा अडली, पुन्हा मागे आली, आणि चाक डांबरावर चढलं. सानिका टाळ्या वाजवत रडत होती.

बाईनं परत येऊन बॉनेटवर थाप मारली. “झालं. आता कांदा घ्या, गोड हाय.” आम्ही दोन माळा घेतल्या. मी हळूच म्हटलं, “आता घेऊ का मी चालवायला?” यांनी मानेनंच नाही म्हटलं. माळा मांडीवर घेऊन मी मागच्या सीटवर बसले आणि पालीपर्यंत खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडले. गाडीभर कांद्याचा वास होता, त्यामुळे कारण विचारायची कुणाला गरज पडली नाही.

बल्लाळेश्वरापुढे काय काय बोलायचं, हे मी वाटेत पाठ करत होते. अकरा महिन्यांचा हिशेब मागायचा होता, मग माफी मागायची होती. प्रत्यक्ष समोर गेल्यावर एवढंच म्हणाले, “आले.” शेजारी हे डोळे मिटून उभे होते, पण मूठ सुटलेली होती. तिथल्या गुरुजींना मी आमची उलटी झालेली वाट सांगितली तर ते हसले. म्हणाले, “उलटी कशी? अष्टविनायकांत पाली तिसरी आणि महड चौथं. तुम्ही क्रमानंच चाललात.” माझ्या वहीतला क्रम चुकला होता. फेरी तीच राहिली, डिझेलही तेवढंच लागलं, फक्त दिशा फिरली. दुसऱ्या दिवशी महडला जाऊन, खोपोलीवरून आम्ही घरी आलो. सगळा वेळ हेच चालवत होते. शीळ नव्हती, पण डोळे उघडे होते.

ती बाई कोण, असं मला पुष्कळांनी विचारलं. पुढे आम्ही एकदा मुद्दाम गेलो, तेव्हा ती त्याच झाडाखाली होती. तिनं आम्हाला ओळखलं नाही. मी सगळं सांगितल्यावर म्हणाली, “लय गाड्या उतरतात हितं,” आणि माळ पुढे केली. ती कांदे विकणारी बाई होती, एवढंच मला माहीत आहे. तिला त्या जागी, त्या वेळी कुणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. मी वही अजूनही करते, पण शेवटचं पान कोरं ठेवते. ते त्याचं.

सहलीनंतरच्या सोमवारी सकाळी यांनी डबा घेतला आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी चपला घालून मागोमाग खाली गेले. कव्हर काढून आम्ही दोघांनी घडी केली. गाडी फाटकापर्यंत आली आणि थांबली. समोर रस्त्यावर सकाळची गर्दी होती, डंपर, शाळेच्या बसेस. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिले.

मी फाटकाबाहेर रस्त्यावर गेले, पदर खोचला आणि हात आडवा केला.

“जा तुम्ही,” म्हटलं. “मी हाय उभी.”

यांना हसू फुटलं. गाडी वळली, आणि वळणापलीकडे दिसेनाशी होता होता मला ती बेसूर शीळ ऐकू आली.