अस्वलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात चोरून घातलेला तिळाचा लाडू होता. शुगर असलेल्या बाईनं भरदुपारी आलमारीच्या दाराआड उभं राहून लाडू खावा आणि नेमका तेव्हाच पुतण्यानं गोंदियाच्या दवाखान्यातून फोन करावा... मला धड ‘हॅलो’ही म्हणता आलं नाही. तो म्हणाला, “काकू, आत्या गेली.” मी लाडू गिळला. रडू आलं ते बरंच नंतर. आधी भीती वाटली, आणि तीही मरणाची नव्हे. माघ सरत आला होता. आता मोह फुलतील, रविवारी पोरी खेळायला येतील, आणि त्यांच्या आधी जंगलाच्या कडेनं एकटीनं फेरी मारायला कोण जाईल, हे मनात आलं. सख्ख्या नणंदेच्या मरणाच्या बातमीवर मला हे सुचलं, असं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता छापूनच येईल. येऊ दे.

कुमुद माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आमचं गाव सालेकसा तालुक्यात, जिथं धानाच्या बांध्या संपतात तिथूनच जंगल सुरू होतं. मी लग्न होऊन आले ती गोंदियाच्या भर बाजारातून. झाड म्हणजे तुळस आणि जनावर म्हणजे गाय, एवढंच माझं ज्ञान. तरी मिजास अशी की गावातल्या बायांना मी गावंढळ समजायची. पहिल्याच चैत्रात सासूनं मला आणि चौदा वर्षांच्या कुमुदला पहाटे मोहफुलं वेचायला धाडलं. झुंजूमुंजू झालं होतं. समोरच्या झुडपाआड काहीतरी काळं, केसाळ, बसकं हललं. मी ‘अस्वल’ म्हणून अशी किंचाळले की टोपली एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि मी थेट घरात धानाच्या कोठीमागं. कुमुद तिथंच उभी आहे, तिला हाताला धरून आणावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती मागून सावकाश आली, दोन्ही टोपल्या घेऊन, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं. झुडपाआड काळी घोंगडी पांघरून, लोटा घेऊन मामंजी बसले होते. पुढं वर्षभर मामंजी माझ्या हातचं पाणी घेताना तोंड फिरवून घेत. आणि कुमुदनं मला जन्मभरासाठी ओळखून ठेवलं : वहिनी पळते.

ती शिकली, चिचगडकडच्या एका शाळेत खेळाची बाई झाली, लग्न केलं नाही. निवृत्त होऊन गावी परतली तेव्हा आम्ही दोघी म्हाताऱ्या शेजारी-शेजारी राहू लागलो. एका दिवाळीला बंगळुरूला नोकरीला असलेली तिची जुनी विद्यार्थिनी भेटायला आली आणि तीन चपट्या रंगीत चकत्या देऊन गेली. डिस्क गोल्फ म्हणतात त्या खेळाला. ठरल्या जागेवरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत दूरच्या टोपलीत घालायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात, चकती त्यांना अडून खाली पडते. अशा नऊ टोपल्या ओळीनं खेळत चालत जायचं. कुमुदनं गावच्या बुरडाकडून नऊ बांबूच्या टोपल्या विणून घेतल्या, सायकलच्या दुकानातून जुन्या चेनी आणल्या, आणि आमच्या घरामागच्या पडीक जमिनीत, मोहाच्या झाडांमधून वाट आखली. खांब गाडायचे म्हणाली तर मी म्हटलं, “झाडं आयती उभी हायेत. खांब कायले गाडतेस? बुंध्याले बांध ना.” ही अक्कल माझी, हे इथं नोंदवून ठेवते.

आधी खेळायला आम्ही दोघीच. मी पायानं चकती हळूच पुढं सरकवायची आणि ती बघून न बघितल्यासारखं करायची. सरपणाला निघालेल्या बाया रस्त्यावरून ओरडत, “मास्तरीनबाई, ताटल्या फेकून राहिल्या का व? सयपाक बिघडला का?” त्यातलीच सुकवारो एक दिवस आत आली, एक चकती उचलली आणि अशी सोडली की ती झाडं चुकवत सरळ साखळीला लागली. मग शाळेतल्या पोरी आल्या. कुमुदनं दोनच नियम केले. इथं एकट्यानं यायचं नाही, कुणाला तरी घेऊन यायचं. आणि ज्याला घेऊन आलात त्याच्यासोबत खेळायचं नाही, अनोळखी माणसासोबत खेळायचं. त्यामुळं माणसं वाढत गेली आणि एकमेकांत मिसळत गेली. तिरोड्याहून मोटारसायकलीवर पोरं येऊ लागली. गोंदियाच्या एक डॉक्टरीणबाई येत. त्यांच्या वाट्याला नेमकी सुकवारो यायची. “मॅडम, हाथ को मत घुमाओ, कमर को घुमाओ. जाते में आटा पीसते ना, वैसा,” असं ती त्यांना बजावायची. डॉक्टरीणबाईंनी जातं कधी ओढलेलं नव्हतं, पण त्या मान डोलवायच्या.

आणि मग खेळाचा पहिला चैत्र आला. मोह रात्रभर गळतो. खाली आमच्या टोपल्या बांधलेल्या. सकाळी पाहावं तर नऊच्या नऊ टोपल्या फुलांनी काठोकाठ. आम्ही हसलो, फुलं वाळत घातली, जिंकलं कोण तर मोह, असंही म्हणालो. या भागात हयात काढलेल्या दोन बायांना एवढं कळू नये की मोहफुलांच्या भरल्या टोपल्या जंगलाच्या कडेला, कमरेच्या उंचीवर, रोज टांगून ठेवणं म्हणजे कुणाला तरी जेवायला बोलावणं आहे... पाचव्या-सहाव्या दिवशी पहाटे आम्ही दोघी गेलो. चौथ्या टोपलीत तोंड घालून अस्वल उभं होतं. ताटावर बसलेल्या व्याह्यासारखं निवांत. मागं पिल्लू, म्हणजे मादी. या खेपेला घोंगडी नव्हती आणि मामंजींना जाऊनही वीस वर्षं झाली होती. माझ्या घशातून आवाज निघाला नाही. पायांना मात्र सगळं कळलं. साठी उलटलेली मी त्या दिवशी जशी धावले तशी विशीतही धावले नसेन. घरात शिरून आतून कडी लावली. पाव तासानं दारावर थाप पडली. मी आतून विचारलं, “कोण?” बाहेरून कुमुद म्हणाली, “अस्वल होय. उघड.”

ती तिथंच उभी राहून अस्वलाशी बोलत, एकेक पाऊल मागं सरत आली होती. तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. चहा मागितला. तिनं टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

टोपल्या झाडांवरून काढून मोकळ्या जागी लोखंडी खांबांवर चढवल्या. पण अस्वलाची वाट ती वाट, आणि आमची चौथी टोपली त्या वाटेला लागूनच. त्या वर्षी दीड महिना खेळ बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तेव्हा चौघीच आल्या. कुणी शिलाईच्या क्लासला लागली होती, कुणाच्या आईनं जंगलाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. बाकीची माणसं नुसतीच विसरली होती. सगळं पुन्हा शून्यापासून जमवायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून कुमुदनं फेरी सुरू केली. मोहाच्या दिवसांत रविवारी सगळ्यांनी डांबरी रस्त्यावर थांबायचं. ती एकटी नऊ टोपल्यांची फेरी मारून येईपर्यंत कुणी चकतीला हात लावायचा नाही. हातात काठी असे, पण भरवसा आवाजावर. अस्वल अचानक समोर माणूस आला तर अंगावर येतं, दुरून आवाज ऐकला तर सहसा बाजूला होतं. जंगलातली माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. म्हणून कुमुद मोठमोठ्यानं बोलत चालायची. गावच्या बातम्या सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची पोरगी पास झाली, आणि “आमची वहिनी आजून लोळून राहिली, चहा मलेच करा लागला.” मी पांघरुणात हे सगळं ऐकत असे. चौथ्या टोपलीपाशी तिचा आवाज उतारामुळं बारीक व्हायचा. तो पुन्हा मोठा होईपर्यंत मी श्वास सोडायची नाही. पण उठून कधी गेलेही नाही. तिला भीती वाटत नाही, मला वाटते. ज्याचं त्याला... असं म्हणून मी कुशीवर वळायची.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा नाकात नळी होती. म्हणाली, “वहिनी, फागुनात फेरी तू मारजो.”

आजारी माणसाला म्हणतात तसं मी म्हटलं, “हो व, मारीन. तू आधी उठ.”

“तुया आवाज जनमाचा मोठा हाये,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी लाडू, फोन...

तेराव्याला सुकवारो माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला म्हटलं, कुमुदसारखी छाती आपल्याला कुठून येणार. ती म्हणाली, “तुमाले का वाटे काकू, तिले भेव नाही लागे? दर इतवारी फेरीच्या आधी माया आंगनात येऊन बसे. उठतो म्हने, अन् बसूनच राहे. एक डाव तं वाडीत जाऊन ओकली. मी म्हनो, नको जाऊ बाई. ते म्हने, पोरी येऊन राहिल्या ना.” हे ऐकून मला धीर आला असेल असं वाचणाऱ्यांना वाटेल. मी तर जास्तच घाबरले. तिला भीती वाटत नाही, एवढ्या एका आधारावर मी इतकी वर्षं पांघरुणात पडून होते. तो आधार सुकवारोनं काढून घेतला, आणि माझ्याकडे न जायला कारण उरलं नाही.

तरी मी कारणं काढली. मोबाइलवर खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे. “आजी, रविवारी आहे का?” पहिल्या रविवारी माझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते, जे कधी आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी विचारणाऱ्या दोघीच उरल्या, आणि मला कळलं की खेळ असाच, काही न बोलता संपतो. त्या दोघींतल्या एकीनं लिहिलं, “तुम्हाला जमत नसेल तर आम्हीच पहाटे जाऊन बघून येतो.” सोळा वर्षांच्या पोरी. बघून येतो म्हणे. ते वाचलं आणि जेवायचं ताट तसंच बाजूला सारलं. मी उत्तर लिहिलं, रस्त्यावर थांबा, मी येते.

गेल्या रविवारी गेले. तांबडं फुटलं होतं. रस्त्यावर त्या दोघी, त्यांनी जमवलेल्या सात-आठ जणी, मोटारसायकलीवाली दोन पोरं आणि सुकवारो. सुकवारोनं माझ्या हातात काठी दिली. पहिल्या टोपलीपर्यंत माझा आवाजच फुटेना. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून पाढे म्हटले. बे एके बे करत दुसरी टोपली गाठली. तिसऱ्या टोपलीपर्यंत सतराच्या पाढ्यात अडकले, तो लहानपणीही येत नव्हता. खाली फुलांचा सडा, वर गोड आंबूस वास. उतार लागला आणि चौथ्या खांबाजवळच्या घाणेरीच्या झुडपात काहीतरी चघळत होतं. माझं पाऊल वाजलं तसं ते चघळणं थांबलं. नाकातून जोरानं हवा सोडल्याचा आवाज आला. मला दिसत काहीच नव्हतं. पळायचं तर गुडघे आता पळण्यातले राहिले नाहीत, आणि पळून जायचं ते रस्त्याकडे, पोरींकडे, अस्वल मागं घेऊन. काठी हातात होती, तिचं काय करायचं तेही आठवेना.  मग मी बोलले. पुतण्या फोनवर बोलला होता तेवढंच सरळ, पण खूप मोठ्यानं.

“कुमुद गेली व माय. दर इतवारी इथून बोलत जाये ते कुमुद. माघात गेली. छातीत दुखलं, दोन दिवस दवाखान्यात होती. मी तिची वहिनी. आता मी येत जाईन. माया आवाज ध्यानात ठेव.”

झुडपात बराच वेळ काही हललं नाही. मग पाचोळा वाजला, एकदा, दोनदा. तो दूर जाणारा होता की नुसतं बूड फिरवल्याचा होता, मला सांगता येणार नाही. मी पाठ न दाखवता बाजूनं सरकत वाटेला लागले, आणि अजून पाच टोपल्या राहिल्या होत्या म्हणून अस्वलाला पुढचं सांगू लागले : कुणाची म्हैस व्याली, कुणाची पोरगी पास झाली.