दामूचा शनिवार

दामू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी पानावर होतो. कल्याणहून ठाण्याच्या स्टेशनात तार आली होती, आणि ती घेऊन तिथला हमाल टेंभी नाक्यावर आमचं घर विचारत विचारत दारात उभा राहिला. मी आमटी-भात कालवला होता, पहिला घास हातात होता. तारेत इंग्रजीत चार शब्द. ते वाचून मी हात धुतले आणि पागोटं डोक्यावर ठेवलं. "दोन घास तरी घ्यायचे होते," बायको रडत रडत म्हणाली, तर मी तिच्यावरच खेकसलो. पस्तिशीही न उलटलेला मुलगा पाच दिवसांच्या तापाने जातो, आणि पेन्शन खात बसलेला मी मात्र खणखणीत... याचा राग कुणावर तरी काढायचा होता, एवढंच.

त्याला आता दीड महिना झाला. कल्याणच्या स्टेशनात मालाच्या कचेरीत तो बाबू होता. आला माल, गेला माल लिहिता लिहिता त्याची सारी उमर गेली. तुम्ही वाचणाऱ्यांपैकी कुणी त्याला ओळखत असाल असं नाही. ओळखायला हवं होतं, असा तो मुलगा होता. बी.ए. झाला असता, एखाद्या हायस्कुलात हेडमास्तर झाला असता, आणि आज हा लेख माझ्यासारख्या जुन्या कारकुनाऐवजी त्याच्या एखाद्या शिष्याने लिहिला असता. ते का झालं नाही, हे मी सतरा वर्षं चारचौघांत बेधडक सांगत आलो. सांगत होतो ते साफ खोटं होतं, आणि मला ते कळलं ते तो गेल्यावर.

नात्याने दामू माझ्या चुलतबहिणीचा मुलगा. वडील मुरबाडच्या वाटेवरच्या एका खेड्यात जोशीपण करीत. गावची मराठी शाळा संपली तेव्हा मीच त्याला ठाण्याला आणलं, इंग्रजी शाळेत घातलं, आणि आमच्या ओसरीवर त्याची वळकटी पडली. मला मूलबाळ नाही. मी कलेक्टरकचेरीत इंग्रजी कारकून, साहेबाचे खलिते लिहिणारा, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. या पोराला युनिव्हर्सिटीत पोचवायचंच, असं मनाशी घेतलं आणि हात धुऊन त्याच्या मागे लागलो. तो वाची तेव्हा शेजारी बसून मी त्याच्या स्पेलिंगच्या चुका काढीत असे. तो कधी कुरकुरला नाही. फार शांत मुलगा. एवढा शांत मुलगा घरात असला की मोठ्या माणसांना तो सुखी आहेसं वाटतं, आणि आम्हालाही तसंच वाटे.

मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेला बसायचा अर्ज आम्ही ओसरीवर बसून भरला. पालकाच्या रकान्यात त्याने माझं नाव लिहिलं आणि माझ्याकडे पाहून हसला. हेडमास्तरांचा वर्तणुकीचा दाखला मिळवायला मी दोनदा रजा काढली. मॅट्रिक तो पहिल्या झटक्यात पास झाला. मग मुंबईच्या कॉलेजात नादारी मिळवायची, म्हणजे फी माफ करून घ्यायची. त्यासाठी मुलगा निर्धन आहे असं दोन प्रतिष्ठितांनी लिहून द्यावं लागे. मी मसुदा केला, अगदी साहेबाला करावा तसा. दामूचे वडील तेव्हा ठाण्यास आले होते, त्यांना मी तो मराठीत समजावून सांगितला. ते ताडकन उठून उभे राहिले. "निर्धन? आम्ही कुणाच्या दारी हात पसरायला गेलो होतो का हो बापूराव?" समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. ते परत गेल्यावर दामू हळूच म्हणाला, "मामा, यापुढे असले कागद बाबांना दाखवू नका. आपण आपलं निभावू." पोराला केवढी समज आली म्हणून मी त्याची पाठ थोपटली. झाकून ठेवायला तो त्या दिवशी शिकला, आणि शाबासकी दिली मी!

नादारी मिळाली. गिरगावात चाळीच्या एका खोलीत चार मुलांबरोबर राहायची सोय झाली. राहिलं जेवण. खानावळ परवडण्यातली नव्हती, तेव्हा वार लावायचे ठरले. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात वारांची सात घरं धरायची आणि ज्या वाराला जे घर, तिथे दोन्ही वेळा जेवायचं. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी मुलाने पाणी पिऊन राहायचं. ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या अशा घरांचे उंबरे झिजवून मी सहा वार लावले. सातवा, शनिवारचा, लावायला मला यत्किंचितही त्रास पडला नाही. कारण तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीकडे होता. अक्काचं बिऱ्हाड दामूच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. "अरे बापू, हे काय विचारणं झालं?" ती म्हणाली. "मावशीच्या घरी जेवायला का वार लावायला लागतो?" मी दामूला बजावून सांगितलं, "बाकीच्या घरी जपून वाग. शनिवारची चिंता नको, तो आपल्या घरचा."

दोन-तीन महिने बरे गेले. मग एकदा अक्का ठाण्यास आली आणि फणकाऱ्याने म्हणाली, "तुझा भाचा फार मोठा झाला हो! शनिवारी फिरकत नाही आमच्याकडे. आम्ही रांधून वाट बघावी आणि याचा पत्ता नाही." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी पोष्टकार्ड खरडलं. कॉलेजात गेलास म्हणून शिंगं फुटली का, मावशीचं अन्न गोड लागत नाही का, हेच शिकवलं का तुला आम्ही... कार्डावर जागा संपली म्हणून थांबलो. चार दिवसांनी त्याचं उत्तर आलं. अक्षर नेहमीसारखंच मोत्यासारखं. 'ती. मामांस सा. न. वि. वि. माझ्यामुळे मावशींची खोटी झाली याबद्दल क्षमा असावी. मी शनिवारी मारुतीचा उपास धरला आहे. तो पूर्ण निरंकार असतो, म्हणून जात नाही. आपण राग मानू नये.'

राग कसला मानतो! माझी छाती फुगली. त्या दिवसांत इंग्रजी शिकलेली पोरं संध्या सोडतात, शेंड्या कापतात, अशी जिकडेतिकडे ओरड होती, आणि आमचा दामू कॉलेजात जाऊन निरंकार शनिवार करतो! ते कार्ड मी कचेरीत नेऊन दाखवलं. शिरस्तेदारांनी ते मोठ्याने वाचलं. सुटीत तो ठाण्यास आला तेव्हा गालफडं बसलेली, सदरा अंगात लोंबत होता. बायको म्हणालीसुद्धा, "पोर वाळलं हो." मी म्हणालो, "तपाचं तेज आहे ते." खरंच असं म्हणालो मी... शनिवार आला की बायको त्याच्यासाठी वऱ्याचे तांदूळ करी, म्हणे इथे तरी एवढं खा. तो मुकाट्याने खाई. शेजारी आम्ही वरणभात ओरपत असू.

प्रीव्हियसच्या, म्हणजे कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या, परीक्षेत गणिताचा पेपर शनिवारी आला. तासाभरातच त्याला घेरी आली आणि दोघांनी धरून बाहेर आणलं. गणितात नापास, म्हणून नादारी रद्द. मी मुंबईला गेलो ते त्याचं सामान आणायलाच. त्या चाळीच्या जिन्यावर चार मुलांदेखत मी त्याला फाडफाड बोललो. "परीक्षेच्या दिवशी तरी उपास सोडायचा होतास! ही भक्ती की गाढवपणा? मारुती का तुझी फी भरणार आहे आता?" तो खाली मान घालून उभा होता. "चुकलं, मामा," एवढंच म्हणाला. पुन्हा अर्ज करता आला असता. दुसरं वर्ष, दुसरी खटपट, मी मनावर घेतलं असतं तर झालं असतं. पण मी रुसलो होतो. एका ओळखीच्या साहेबाला सांगून त्याला कल्याणला चिकटवलं आणि हात झटकले. लग्न ठरवतानासुद्धा मुलीच्या बापाला मी मिशीवर ताव देऊन सांगितलं, "मुलगा मारुतीचा उपासक आहे, शनिवारी पाण्याशिवाय काही घेत नाही."

माझं त्याच्याकडे जाणं-येणं रविवारचं असे, कारण कचेरी तेव्हाच बंद. पेन्शनीत निघाल्यावरही मोडली नाही ती सवय. त्यामुळे त्याच्या घरचा शनिवार मी कधी पाहिलाच नव्हता.

चौदावा झाला त्या संध्याकाळी कल्याणला त्याच्या ओटीवर स्टेशनातली चार माणसं बसली होती. मी आपला नेहमीचा पाढा सुरू केला. सतराव्या वर्षापासून निरंकार शनिवार, त्यापायी बी.ए. गेलं पण नेम सोडला नाही... तोच आतून, दाराआडून, त्याच्या बायकोचा आवाज आला. गोदूबाई माझ्याशी समोरून कधी बोललेली नाही. "मामंजी, आता हे बोलणं थांबवावं." माणसं उठून गेल्यावर ती दाराआडूनच बोलली, एकेक शब्द तोडून. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी तिने चूल पेटवली नव्हती, मी केलेली कीर्ती ऐकून आली होती ना बिचारी! दामू हसला आणि म्हणाला, "भात टाक. शनिवार मी पुष्कळ केलेत, आता नाही." मग त्याने तिला सांगितलं होतं. मावशीकडे पहिले काही शनिवार तो जेवला. पुढे एका शनिवारी तिथे पाव्हणे होते. मावशी म्हणाल्या, जिन्यात बैस, पंगत उठली की हाक मारते. तो बसला. पंगत उठली, दुसरी बसली, उष्टी निघाली, भांडी घासून झाली... हाक आली नाही. दुपार कलल्यावर तो उठून गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा जिन्यात बसवलं, पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी तो गेलाच नाही.

"आणि मला कळवलं नाही?" मी ओरडलो. "मी दुसरं घर बघितलं असतं! दहा घरं बघितली असती!"

"कळवणार होते," ती म्हणाली. "तेवढ्यात आपलं कार्ड आलं."

तिने पुढे एवढंच सांगितलं, की मामांच्या आणि त्यांच्या बहिणीच्या मध्ये माझ्या भातावरून वाकडं यायला नको, असं तो म्हणे. आणि मामा आहेत तोवर हे त्यांच्या कानी घालू नकोस, अशी तिला शपथ होती. मी आहेच अजून. पण आज तिला ऐकवेना, आणि तिने शपथ मोडली. बरं केलं.

अक्का आता सत्तरीची आहे. मी गिरगावात जाऊन तिला विचारलं. तिला ते पाव्हणेसुद्धा आठवेनात. "अरे, वाराच्या मुलाचं का कुणी एवढं लक्षात ठेवतं? दाराशी येऊन आठवण करायची होती त्याने. ताठाच फार." मला तिच्या दारी बसवेना. पण वाट चालताना मनात आलं, ही निदान विसरली तरी. मी तर ती बसलेली गालफडं डोळ्यांनी पाहिली होती, आणि ब्राह्मणाचा मुलगा जेवत नाही म्हणजे काहीतरी व्रतच असणार, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. उपाशी असेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम कल्याणला गेलो. दामूच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक पाट टेकून ठेवलेला असतो, पितळी फुल्यांचा, घरातला सगळ्यांत चांगला. तो शनिवारच्या मुलाचा. लग्नाच्या वर्षापासून इंग्रजी शाळेतल्या एका तरी मुलाचा शनिवार दामूकडे असे, आणि तो मुलगा जेवायला बसेपर्यंत दामू स्वतः दाराशी उभा राही. हे मला, मुलीच्या सोबतीला येऊन राहिलेल्या गोदूबाईच्या आईने चुलीपुढून सांगितलं. ती सांगत होती तेवढ्यात अंगणात चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा येऊन उभा राहिला. सोवळ्याची पडशी काखेत, तोंड सुकलेलं. वार पुन्हा सुरू झाला का हे बघायला आला असावा. पण ओटीवर माझ्यासारखा परका म्हातारा बघून बावरला.

"कोण रे तू? जेवायला ना? ये," मी म्हणालो.

त्याने एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. "नको," तो म्हणाला. "सहज आलो होतो. शनिवारी माझा उपास असतो."

मी ओटीवरून उतरलो, त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत आणून त्या पाटावर बसवलं. भात मी वाढला. तो जेवून उठेपर्यंत मी दाराशी उभा होतो. सतरा वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं.