कानसेनांचं टिंग

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आणि त्यांचं व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एका प्लायवुडचं अंतर आहे. मूळ गाळा एकच. मालकाने मधे फळी ठोकून दोन भाडेकरू बसवले. फळी इतकी पातळ की तिकडे त्यांना शिंक आली की इकडे माझा टाका चुकतो. गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणतात. हे नाव मी पाडलं असं लोक सांगतात. पाडलं असेल, मला नावं ठेवायची खोड आहेच.

नाव चुकीचं मात्र नव्हतं. टीव्हीला जोडून, कॅसेट खुपसून खेळायचे ते जुने गेम लोक लांबून लांबून त्यांच्याकडे घेऊन यायचे. कुणाच्या गेमला चित्र आहे पण आवाज नाही, कुणाच्या मागे सारखी घूंऽ चालू. कानसेन यंत्र उघडायच्या आधी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत बसायचे. मग म्हणायचे, "घूं आहे म्हणजे कपॅसिटर फुगलेत." नाहीतर, "बटण फिरवलं की खरखरतंय ना? मग बटणात धूळ आहे, यंत्राचा काही दोष नाही." मोजायचं मीटर कोपऱ्यात पडून असायचं. ते का वापरत नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "कान आहेत की."

कामाची रीतही एकच. एका वेळी एकच वस्तू बदलायची आणि ऐकायचं. आधी वायर, मग टीव्ही, मग कॅसेट, मग आतला एकेक भाग. बदलत बदलत जायचं, आणि शेवटी जे बदलायचं राहिलं असेल तोच चोर. हे ते मला इतक्यांदा ऐकवायचे की माझे कान किटले होते.

माणूस एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुपारी डबा उघडला की ते टेबलावरचा टीव्ही चालू करून त्याच्याकडे तोंड करून जेवायचे. "कुणासोबत तरी बसल्यासारखं वाटतं," म्हणाले एकदा. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी तिरकं बोलते. मी म्हटलं, "मग त्यालाही वाढत चला दोन घास." ते हसले. मला मात्र त्या दिवशी माझा डबा गेला नाही.

रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, धाकटी बहीण. ती दुसऱ्या गावात. मागच्या वर्षी ती राहायला यायची होती. कानसेनांनी घर झाडून पुसून लख्ख केलं, तिच्यासाठी नवी चादर आणली आणि दुकान बंद ठेवून दिवसभर तिची वाट बघत बसले. ती आलीच नाही. संध्याकाळी त्यांनी फोन लावला तर उलट तीच फणफणली. ती म्हणे खाली दारात उभी होती. बेल दाबून दाबून तिचं बोट दुखलं. वर खिडकी उघडी, दिवा चालू, दादा खोकत होता तेही तिला ऐकू आलं. फोन केला तो उचलला नाही. "भर रस्त्यात हाका मारत उभी राहू का? माणूस नको झालंय तुला. तसं सांग एकदाचं," म्हणाली.

"मी घरातून हललो नव्हतो हो, वहिनी," कानसेन मला सांगत होते. माझ्या नवऱ्याची नि त्यांची ओळख जुनी, म्हणून मी वहिनी. "बेल वाजली असती तर धावत खाली गेलो असतो. फोन चार्जिंगला होता, तो राहिला असेल. पण बेल? एवढं धडधडीत खोटं? यायचं नव्हतं तर सांगायचं ना, नाही येत."

तेव्हापासून बहीणभावाचा अबोला. तिने धरलेला आणि यांनीही धरलेला. अबोला धरायला दोन माणसं लागतात आणि सोडायला एकच पुरतं, पण ते एक कोण, यावरच गाडी अडलेली. मी त्यांना पन्नासदा म्हटलं, लहान आहे ती, तुम्ही करा फोन. ते फक्त मान हलवायचे. रात्री तर जाऊच द्या, भर दिवसाही त्या माणसाच्या दुकानासमोरून गेलं तरी आत कुणी नसल्यासारखं वाटायला लागलं होतं.

आणि एक दिवस त्यांनी माळ्यावरून लहानपणचा व्हिडिओ गेम काढून आणला. दोघांत मिळून एक होता. त्याचाही एकच कंट्रोलर चालायचा, तो दादाच्या हातात. बहीण नुसती शेजारी बसायची. मग तिची समजूत घालायला यांनी वाटणी केली होती: खेळात जेवढे तारे मिळतील ते सगळे तिचे. तारा उचलला की यंत्रातून टिंग वाजायचं आणि ती "माझा" म्हणायची. हे सांगताना कानसेनांचा चेहरा असा काही उजळला, की मी हातातली पँट बाजूला ठेवली.

"हा नीट करतो आणि तिच्या दारात नेऊन ठेवतो," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही. तेच बोलेल. टिंग वाजलं पाहिजे मात्र. त्याशिवाय जाणार नाही."

झालं, पेटले हट्टाला. घूं होती, ती कपॅसिटर बदलल्यावर गेली. गाणं वाजायला लागलं, उड्या वाजायला लागल्या, पण त्यांना हवं ते टिंग काही येईना. कॅसेटचे दात स्पिरिटने पुसले. वायर बदलली. आवाजाच्या सॉकेटचं सोल्डर वितळवून नव्याने मारलं. आवाज मोठा करणारी चिप काढून दुसऱ्या यंत्रातली बसवली. टीव्ही बदलला, मग टीव्हीचा स्पीकर बदलला. गिऱ्हाइकांची यंत्रं तशीच पडून. "नवा मालच भिकार येतो हल्ली," म्हणायचे, "सगळ्याच यंत्रांचे आवाज मेलेत." आणि पुन्हा तोच खेळ, तेच गाणं, त्याच उड्या, सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत.

माझं डोकं उठलं. एका लग्नाच्या कोटाची बाही मी उलटी शिवली, तेव्हा सुई खाली ठेवली आणि तशीच त्यांच्या दुकानात गेले.

"कानसेन, बाकी काय वाजवायचं ते वाजवा," मी म्हटलं, "पण ते टिंग टिंग बंद करा. मेंदूला भोक पडायची वेळ आलीय."

"कोणतं टिंग?"

"आता माझी थट्टा करता का? दिवसभर चाललंय ते. टिंग."

"टिंग येत नाही हो, वहिनी. तेच तर शोधतोय."

मला वाटलं हे चेष्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि मला तिच्यावर बसवलं, टीव्हीकडे पाठ करून. म्हणाले, "मी खेळतो. तुम्हाला ते ऐकू आलं की बोट वर करा."

समोर भिंत, मागे ते गाणं. टिंग. मी बोट वर केलं. टिंग, टिंग. मी दोनदा केलं. मग बराच वेळ काही नाही, नुसत्या उड्या. मग एकदम रांगच लागली आणि मी बोट वर खाली करत राहिले. मला त्यात मजाही वाटायला लागली होती. मग गाणं मधेच थांबलं.

वळून पाहिलं तर कानसेन कंट्रोलर मांडीवर ठेवून बसलेले. "प्रत्येक ताऱ्याला," ते म्हणाले. "एकही चुकला नाही तुमचा."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी वायर बदलली होती, टीव्ही बदलला होता, चिप बदलली होती. त्या खोलीत बदलायचं राहिलेलं एकच होतं, आणि ते त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होतं. दुसऱ्या घरात बायकोनेच सांगितलं असतं, अहो, टीव्ही किती मोठा करताय, अहो, कुकरची शिटी ऐकू नाही का आली. यांना कोण सांगणार? बारीक आवाज कधी एकेक करून निघून गेले, ते कळायला घरात दुसरं माणूसच नव्हतं.

मला वाटलं, आता हे धंद्याचं काढतील. कान गेले तर कानसेनाने खायचं काय? मी धीर द्यायला तोंड उघडलंही होतं. पण ते सोल्डरिंगचा प्लग काढत म्हणाले, "वहिनी, माझ्या घरी जरा येता? आत्ता?"

घर म्हणजे मागच्या रस्त्यावर, एका जुन्या दुमजली इमारतीत वरची खोली. खाली लाकडी दार, चौकटीला बेलचं बटण. ते वर गेले. जाताना सांगून गेले, "मी आत बसतो. मग दाबा."

मी थोडं थांबले आणि बटण दाबलं. वरच्या उघड्या खिडकीतून चिमण्यांची चिवचिव आली, अगदी स्पष्ट. चिमणीच्या आवाजाची बेल होती ती. बायकोने हौसेने लावून घेतलेली, हे मला नंतर कळलं.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा चिवचिव. वर ते खोकले. खुर्ची सरकल्याचंही मला ऐकू आलं. मी बोट तसंच दाबून धरलं. चिमण्या नुसत्या कलकलत होत्या आणि त्या कलकलाटातून वरून त्यांचा आवाज आला, जरा घाईचा, जरा विनवणीचा:

"दाबा ना, वहिनी. दाबलं का?"

माझ्याने बोटच उचलवेना. त्यांची बहीण नेमकी इथेच उभी राहिली असणार, या बटणावर बोट ठेवून, वरचा खोकला ऐकत. तिने काय समजायचं होतं?

शेवटी मी गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. ते जिना उतरून आले, दार उघडलं, आणि माझं तोंड बघूनच त्यांना उत्तर मिळालं. खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि कानाशी घट्ट धरला.

"तू आली होतीस," ते म्हणाले.

मग फोन या कानाचा त्या कानाला लावला. शेवटी माझ्यापुढे केला.

"मला काहीच ऐकू येत नाही. बघा जरा, बोलतेय, की ठेवला?"

मी फोन कानाला लावला. पलीकडे शब्द नव्हताच.

"ठेवला नाही," मी म्हटलं. "रडतेय."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "धरून ठेवा तसाच."