डेल्मर कॉडिलचं उघडलेलं पाकीट

अर्जदाराचे नाव: डेल्मर ऑस्कर कॉडिल. वय: त्रेचाळीस. उंची: सहा फूट एक इंच, कामाच्या जागी, वाकून, साडेतीन. निवास: केंटकी राज्याचे पूर्व टोक, ओढ्याकाठचे तिसरे घर. (पहिल्या दोन घरांत आता कोणी राहत नाही, त्यामुळे टपालवाला यालाच पहिले समजतो.) पूर्वीचा व्यवसाय: भूमिगत कोळसा खाण, एकोणीस वर्षे. आरोग्यसेवेतील अनुभव: सासऱ्यांच्या पाठीला मलम, गरजेप्रमाणे. अर्जाचा विषय: कम्युनिटी कॉलेजातील दोन वर्षांचा नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम. सोबत जोडलेली कागदपत्रे: अकरा. त्यांपैकी मोहोरबंद: एक.

हा अर्जदार मी. वर लिहिलेलं सगळं खरं आहे. फक्त शेवटची ओळ मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंतच खरी होती.

नर्सिंगला जागा चाळीस, आणि अर्ज दोनशेच्या वर. निवड गुणांच्या कोष्टकावर होते. शरीररचनेच्या पेपरला इतके, प्रवेश परीक्षेला तितके, दवाखान्यात काम केलं असेल तर आणखी. कोळशाला शून्य. याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहत असाल तर दोन गुण जास्तीचे मिळतात. जिथून निम्मं गाव उठून गेलं तिथे राहिल्याबद्दल कोणीतरी काहीतरी देतंय, हे वाचून मला जरा संकोचच वाटला. 'आपणांस नर्स का व्हावेसे वाटते' यावर तीनशे शब्द लिहायचे होते. मी 'खाण बंद' असं लिहिलं. उरलेले दोनशे अठ्ठ्याण्णव बायकोने, क्रिस्टाने, लिहिले. त्यात मी लहानपणापासून दयाळू आहे असं निघालं.

शरीररचना मी शिकलो होतो, पण डोंगरापलीकडे, दुसऱ्या राज्यात. खाण पहिल्यांदा बंद पडली तेव्हा चुलतभावाकडे राहून तिथल्या कॉलेजात एक सत्र काढलं. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात हे कळलं, त्यांतली माझी कुठली दुखतात हेही कळलं, आणि तेवढ्यात खाण पुन्हा सुरू झाली. मुकादमाचा फोन आला, तसा मी शेवटच्या परीक्षेतला चिरलेला बेडूक टेबलावर तसाच ठेवून परत आलो. नंतर खाण कायमची बंद झाली. पंप काढून नेले, आत पाणी भरलं. आता नियम असा, की शरीररचनेचे गुण सात वर्षांत शिळे होतात. माझ्या गुणांना मे महिन्यात सात वर्षं पुरी होत होती. म्हणजे या मार्चमध्ये अर्ज लागला तर लागला. नाहीतर जूनमध्ये ओहायो, शेजारचं सपाट राज्य. तिथल्या एका गोदामात मेव्हण्याने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. क्रिस्टाने खोकी आणून जिन्याखाली रचली होती. आई यायला तयार नव्हती. "मला सपाट जमिनीवर झोप येत नाही," एवढंच ती म्हणायची, आणि त्यावर चर्चा होत नसे.

अर्जाची मुदत शुक्रवारी साडेचारपर्यंत. डोंगरापलीकडच्या कॉलेजकडून गुणपत्रक आदल्या दिवशी बंद पाकिटात आलं होतं. झाकणावर सही, सहीवर शिक्का, आणि खाली लाल अक्षरांत सूचना: पाकीट उघडलेले आढळल्यास गुणपत्रक अग्राह्य.

त्या शुक्रवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून ती गाडीत होती. तिचं काम उरकून आम्ही कॉलेजसमोर येऊन थांबलो तेव्हा एक वाजला होता. हातात साडेतीन तास होते. माझ्यासारख्या माणसाच्या हातात कधीही साडेतीन तास देऊ नयेत.

इथे माझ्या जुन्या कामाबद्दल सांगणं भाग आहे. शेवटची अकरा वर्षं मी तपासनीस होतो. पाळीची माणसं आत जाण्याआधी एकट्याने आत जायचं. छपराला लोखंडी कांब ठोकायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर ठीक, पोकळ आला तर मागे फिरायचं. हवा बघायची, वायू मोजायचा. आणि जी जागा बघितली तिथे खडूने आपली आद्याक्षरं, तारीख आणि वेळ लिहायची. ती लिहिलेली दिसल्याशिवाय एकही माणूस पुढे पाऊल टाकत नसे. न बघितलेल्या जागेवर सही करणारा माणूस आमच्यात चोरापेक्षा खालचा.

तर मी गाडीत बसलो होतो, मांडीवर पाकीट. आत काय आहे हे मला ठाऊक होतं. दुसरी श्रेणी. पण ठाऊक असणं वेगळं आणि ठोकून बघणं वेगळं. त्यांनी चुकून तिसरी लिहिली असेल तर? दुसऱ्याच कॉडिलचं घातलं असेल तर? त्या डोंगरात दगड उचलावा तर खाली कॉडिल निघतो. मी खिशातला चाकू काढला, पाकीट कडेने नीट कापलं आणि बघितलं.

दुसरी श्रेणी.

मग मी पेन काढलं आणि कापलेल्या कडेजवळ स्वच्छ अक्षरांत लिहिलं: डी. ओ. सी., तारीख, १:१०.

आई तिचा गोधडीचा तुकडा टाचत बसली होती. तिने चष्म्यावरून बघितलं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, तरी तिला सगळं दिसलं.

"काय रे फाडलंस?"

"फाडलं नाही. तपासलं."

"त्या लाल अक्षरांत काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. मोठ्याने वाचल्यावर त्याचा अर्थ बराच वेगळा लागला.

"आणि आत काय निघालं?"

"दुसरी श्रेणी."

"जी तुला सात वर्षं माहीत होती, ती." आईने दोरा दाताने तोडला. "तुझा बाप अस्साच. लग्नाच्या दिवशी पाद्री माझं नाव विचारतोय आणि हा देवळाचं आढं पडेल का ते बघत उभा."

प्रवेशाच्या खिडकीशी ब्लेव्हिन्सबाई असतात. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी मला बायबलातल्या पुस्तकांची नावं पाठ करायला लावली होती. मी दोन गाळली, ते त्यांच्या अजून लक्षात आहे. त्यांनी दहा कागद तपासले, दहा खुणा केल्या, आणि अकरावा उजेडात धरला.

"डेल्मर, हे काय?"

"मी उघडलं, बाई."

"ते दिसतंय. कोणी उघडलं, कधी उघडलं, सगळं दिसतंय. कोर्टात द्यायचा पुरावा इतका नीट नसतो." त्यांनी चष्मा काढून गळ्यातल्या साखळीला सोडला. "या आठवड्यात सहा जणांनी पाकिटं उघडून पुन्हा डकवून आणली. एकाला केकच्या पिठाचा वास येत होता. मी नाक मुरडलं आणि घेतलं. तुला डिंक मिळाला नाही?"

"न बघितल्यासारखं कसं करणार? बघितलं होतं."

"मग सही कशाला ठोकलीस?"

"बघितलं म्हणून."

त्यांनी कडेची ती अक्षरं पुन्हा वाचली. त्यांचे यजमान खाणीत होते. बावीस वर्षं रोज ते तसलीच खडूची अक्षरं बघून आत जात. पण ब्लेव्हिन्सबाई नियमाच्या पक्क्या.

"हे मी घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "डकवलेलं असतं तर मला कळलं नसतं. तू लिहून दिलंस, आता मला कळलंय." आणि त्यांनी फोन उचलला.

डोंगरापलीकडचं नोंदणी कार्यालय शुक्रवारी बाराला बंद होतं. पण ते चालवते वांडा मलिन्स, ब्लेव्हिन्सबाईंची मामेबहीण, आणि शुक्रवारी दुपारी ती कुठे असते हे बाईंना माहीत होतं. पार्लरमध्ये. बाई फोनवर म्हणाल्या, "वांडा, ऊठ. केसांचं नंतर बघू... नाही, मेलं कोणी नाहीये. कॉडिल आहे... ओपलचा मुलगा... हो, तोच."

ठरलं ते असं: वांडाने पुन्हा कार्यालय उघडून नवं पाकीट करायचं आणि घाटमाथ्यावर, जिथे दोन राज्यांची हद्द लागते आणि ट्रक ब्रेक तपासायला थांबतात, तिथे आणून द्यायचं.

"आणि ते तू धरायचं नाहीस," बाई म्हणाल्या. "ओपल धरेल. चाकू इथे ठेव."

मी चाकू खिडकीत ठेवला. त्रेचाळिसाव्या वर्षी, रांगेत मागे उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या दोन मुलींदेखत. त्यांतली एक दुसरीला हळूच म्हणाली, "हा पण नर्सिंगलाच आहे का गं?"

दोन वाजून पाच मिनिटांनी निघालो, पावणेतीनला माथ्यावर पोहोचलो. वांडा तीन वीसला आली. डोक्याला रंग लावलेला आणि त्यावर किराणा दुकानाची पिशवी बांधलेली. तिने काच खाली केली, माझ्याकडे बघितलंच नाही.

"ओपलकाकू, हे घ्या. आणि हा रंग वीस मिनिटांत धुवायचा होता. आता कुठला रंग निघेल ते देव जाणे."

"छानच दिसेल गं," आई म्हणाली. "टोपी घाल."

आईने पाकीट मांडीवर ठेवलं, त्यावर पर्स, पर्सवर गोधडी, गोधडीवर दोन्ही हात. उतारावर तिसऱ्या वळणाला पुढे एक कोळशाचा ट्रक लागला. आख्ख्या काउंटीत मोजून दोन-तीन खाणी चालू होत्या, त्यांतल्या एकीने तो दिवस निवडला होता. ताशी पंधरा मैल. अकरा मैलांत पुढे जायला कुठेही वाव नाही. एकोणीस वर्षं हा कोळसा वेळेत बाहेर निघावा म्हणून मी राबलो. आता तो माझ्यासमोर निवांत चालला होता.

"तुझाच माल," आई म्हणाली.

जरा वेळाने तीच म्हणाली, "डेल्मर, जागा नाही मिळाली तर तुम्ही दोघं जा ओहायोला. मी काही रडणार नाही. अंड्यांचं गिऱ्हाईक आहे मला."

तिचे हात पाकिटावरून हलले नव्हते.

चार वाजून बावीस मिनिटांनी आम्ही खिडकीशी उभे होतो. आईने पाकीट स्वतः सरकवलं. ब्लेव्हिन्सबाईंनी झाकण बघितलं, शिक्का बघितला, अकरावी खूण केली. मग पोचपावतीवर आपली आद्याक्षरं, तारीख आणि वेळ घातली. ४:२४. नियमात फक्त शिक्का मारायचा असतो.

चाकू परत दिला तो एका पाकिटात घालून, डकवून.

मे महिन्याच्या अकरा तारखेला कॉलेजचं पत्र आलं. मी त्या वेळी सासऱ्यांकडे गेलो होतो, अनुभव वाढवायला. मजकूर असा: 'निवड समितीने आपल्या अर्जाचा सर्व निकषांवर काळजीपूर्वक विचार केला असून, आगामी सत्रासाठी उपलब्ध चाळीस जागांपैकी चाळिसाव्या जागेवर आपली निवड झाल्याचे कळविण्यात येते. सदर पत्र गोपनीय असून ते केवळ अर्जदारानेच उघडावे.'

पत्र माझ्या हातात आलं तेव्हा उघडलेलं होतं. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं: ओ. सी., ११ मे, १०:४०.