सायलीने फाडलेलं लॉग टेबल

आज शनिवार पेठेत झेरॉक्स काढायला गेले आणि काउंटरवर लॉग टेबल दिसलं, आकडेमोडीच्या कोष्टकांची ती पातळ पुस्तिका. एकदम कॉलेज आठवलं यार. बारावीची प्रीलिम, केमिस्ट्रीचा पेपर, कॅल्क्युलेटर चालत नाही आणि माझं लॉग टेबल घरी. मॅडम म्हणाल्या, "वा, पेन तरी आणलंय का?" शेजारच्या बाकावरच्या सायलीने शांतपणे स्वतःचं लॉग टेबल मधोमध फाडलं. लॉगची पानं मला, अँटिलॉगची तिला.

"घे गं, मला लॉग पाठ आहेत."

मला तेच ऐकायचं होतं. मग पेपरभर ती आकडे खोडत बसली, तरी मी मान वळवली नाही. तिची गणितं अर्धवट राहिली.

आज मेसेज केला, "खरंच पाठ होते?"

"फक्त दोनचा आणि तीनचा. तू रडकुंडीला आली होतीस ना."